कानशीची रेघ

मित्रांनो, गॅरेजच्या मागच्या दाराशी, फुटक्या बेसिनच्या शेजारी जे गंजकं धूड पडलंय, ज्याच्यावर टेकायला मांजरसुद्धा तयार नसतं, ते म्हणजे मी. नाक मुरडू नका. मी इंजिन आहे. चार सिलिंडरचं, डिझेलवर चालणारं, बरंचसं आयुष्य गाडीत आणि उरलेलं होडीत काढलेलं. माझ्या अंगावर आता जो लाल भुगा दिसतो, तो खाऱ्या पाण्याचा प्रताप. तो हातानं पुसू नका, हात खराब होतील आणि घरी ओरडा बसेल.

माझा जन्म कारखान्यात झाला. आम्ही तिथं दिवसाला शेकड्यांनी जन्मायचो, त्यामुळे कुणाचं कौतुक वगैरे होत नसे. एकानं नंबर ठोकला, दुसऱ्यानं तेल भरलं, तिसऱ्यानं मान वाकडी करून आवाज ऐकला आणि ‘ठीक’ म्हणाला. एवढ्यात माझं बालपण आटोपलं.

मग अकरा वर्षं मी एका फिरत्या विक्रेत्याच्या गाडीत होतो. तो फरशीचे नमुने घेऊन गावोगाव हिंडायचा. गाडीत माणूस एक आणि दगड दहा माणसांचे! चढावर माझा घाम निघायचा, पण मी कधी मान टाकली नाही. ‘एका चावीत सुरू होतं बघा,’ असं तो चारचौघांत सांगायचा, तेव्हा मला फार बरं वाटायचं. एके दिवशी सिग्नलला उभं असताना मागून ट्रकनं धडक दिली. गाडीचा मागून पार चुराडा झाला. मला मात्र साधा ओरखडाही आला नाही. विक्रेता खाली उतरला, नमुन्यांची पेटी उचलली आणि निघून गेला. अकरा वर्षांत एकदा तरी झाकण उघडून त्यानं माझ्याकडे बघावं, असं मला त्या दिवशी वाटलं. त्यानं बघितलं नाही.

भंगाराच्या आवारात मला वस्तादानं पाहिलं. वस्ताद म्हणजे या गॅरेजचा मालक आणि एकुलता एक मेकॅनिकही. नाव लोकांनीच ठेवलेलं. त्यानं माझं चाक हातानं फिरवलं, डोळे मिटून आतली चाहूल घेतली आणि म्हणाला, “जीव आहे याच्यात.”

तेवढेच शब्द. वस्ताद मुळात बोलायचाच कमी. काही विचारलं तर ‘हं’, आणि फारच खनपटीला बसलं तर ‘हं हं’. त्याचा सगळा विश्वास खुणांवर होता. सांगितलेलं माणसं विसरतात, पण लोखंडावर केलेली खूण जागची हलत नाही, असं त्याचं मत. म्हणून तो कामाला लागला की हातात कानस घ्यायचा. कानस म्हणजे लोखंड घासायचं दातेरी हत्यार. हा नट किती आवळायचा, तिथं एक रेघ. ही तोटी कुठवर उघडायची, तिथं दोन रेघा. त्याच्या हातून गेलेल्या प्रत्येक यंत्रावर अशा बारीक रेघा असत. त्या वाचायला मात्र वस्तादच लागायचा, हे त्याच्या कधी ध्यानात आलं नाही.

मला त्यानं स्वतःसाठी आणलं नव्हतं. त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा खाडीत होडी चालवायचा. पलीकडच्या किनाऱ्याला जायला पूल नव्हता, रस्ता नव्हता. तिथल्या माणसांना अलीकडे आणणं, त्यांची पोती, खोकी, आजारी म्हातारी माणसं पोहोचवणं, हेच त्याचं पोटापाण्याचं काम. होडी अठरा फुटांची, पण तिची ऐट बघून सगळे त्याला ‘कप्तान’ म्हणत. होडीतलं आधीचं पेट्रोलचं इंजिन इतकं लहरी होतं, की निम्म्या फेऱ्या कप्तानाला वल्ही मारत पुऱ्या कराव्या लागत. माणसं त्याच्या होडीत बसेनाशी झाली होती. धंदा बंद करायची वेळ आली होती. तेव्हा बहिणीनं भावाला शब्द टाकला आणि भावानं मला आणलं.

गाडीचं इंजिन उचलून होडीत ठेवलं की झालं, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. पण गाडीत मला समोरून वारा मिळायचा, त्यावर माझं पाणी थंड व्हायचं. होडीच्या पोटात वारा कुठला? समुद्राचं पाणी सरळ माझ्या अंगात खेळवावं, तर मीठ मला वर्षभरात खाऊन टाकणार. मग वस्तादानं माझ्या पाण्याला एक पितळी घर केलं. आतल्या नळ्यांतून खारं पाणी जाणार, बाहेरून माझं गोडं पाणी फिरणार. दोन्ही शेजारी राहणार, पण एकमेकांत मिसळणार नाहीत. धूर बाहेर टाकणारा माझा तापलेला पाईप त्यानं पाण्याच्या कोटात गुंडाळला, म्हणजे लाकूड पेटायला नको. गाडीचा गिअर काढून होडीचा बसवला. चार महिने सुट्टीचा एकही दिवस त्यानं घरी घालवला नाही.

शेवटची अडचण सर्वांत चिवट होती. गाडीत मी सपाट बसायचो. होडीत मात्र होडी ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा मागे खाली पाण्यात उतरतो, त्यामुळे मलाही मागे कललेलं बसावं लागणार होतं. आता माझ्या पोटाखाली तेलाचं चेंबर असतं. तिथून एक पाईप तेल ओढतो आणि माझ्या सगळ्या अंगाला पुरवतो. मी कललो की तेल मागे गोळा होणार आणि पाईपाचं तोंड पुढे कोरडं राहणार. तेल मिळालं नाही, तर इंजिन काही मिनिटांत मरतं. वस्तादानं पाईप कापला, तुकडा जोडून वेल्डिंग केलं आणि तोंड मधोमध आणलं. त्याहून मागे नेता येईना, कारण तिथं लोखंडी आडपडदा होता. राहिलेली कसर जास्त तेल भरून काढायची, असं त्यानं ठरवलं. मला फळीवर तसंच कलतं बांधलं आणि मग मापानं तेल ओतत, चालवून बघत, पुन्हा ओतत तो दोन दिवस बसला. गाडीत लागायचं त्याहून दीड लिटर जास्त लागलं.

तेल किती आहे हे बघायला माझ्या मागच्या बाजूला एक पट्टी असते. गॅरेजवाले तिला डिपस्टिक म्हणतात. तिच्यावर कारखान्यानं ‘पूर्ण’ची खूण केलेली असते, पण ती गाडीसाठी. वस्तादानं पट्टी बाहेर काढली, त्या खुणेच्या बोटभर वर कानशीनं एक खोल रेघ ओढली आणि पट्टी परत आत सारली. त्या एका रेघेत त्याची चार महिन्यांची सगळी अक्कल होती. ती रेघ कशाची, हे मात्र त्यानं कुणालाच सांगितलं नाही.

मी होडीत बसलो आणि माझे सुखाचे दिवस सुरू झाले. पहिल्या फेरीला कप्तानानं चावी फिरवली आणि मी धडधडत उठलो, तेव्हा धक्क्यावर उभ्या असलेल्या ताई रडू लागल्या. ताई म्हणजे वस्तादाची बहीण. वस्ताद तिला म्हणाला, “रडतेस काय? इंजिन आहे, पोरगं नाही.” माणसं पुन्हा होडीत बसू लागली. कप्तान जो भेटेल त्याला सांगायचा, “मेव्हण्याच्या हातचं आहे. घड्याळ लावून घ्या.”

कप्तान माणूस लाखात एक, पण टापटिपीच्या बाबतीत अगदी वेडा. दोरीचं वेटोळं वाकडं पडलेलं त्याला खपायचं नाही. फेरी संपली की तो फडकं घेऊन मला पुसत बसायचा. पलीकडची माणसं त्याची थट्टा करत, की याला सोडलं तर हा समुद्रसुद्धा पुसून कोरडा करील. विक्रेत्यानं अकरा वर्षांत जे दिलं नाही, ते कप्तानानं मला रोज दिलं. मी त्याच्यावर रागावू तरी कसा, हे तुम्हीच सांगा.

पहिली दोन वर्षं माझं तेल वस्तादच बघायचा. दर आठवड्याला यायचा, पट्टी काढायचा, रेघेशी ताडून बघायचा आणि ‘हं’ करून निघून जायचा. मग त्याची कंबर धरली. होडीत वाकणं जमेना. तो म्हणाला, “भावोजी, तेल आता तुम्हीच बघत जा. रोज बघा.”

“रोज बघेन. त्याची काळजीच सोड,” कप्तान म्हणाला.

त्या वेळी आणखी दोन वाक्यं बोलायला काय हरकत होती? रेघ आहेच की, असं वस्तादाला वाटलं असणार. रेघ होतीच. पण कप्तानाला ती रेघ वाटलीच नाही. त्याला तिथं गंज दिसला. कानशीनं पट्टीची चकाकी घासली गेली होती आणि त्या जागी खाऱ्या हवेनं तांबूस डाग धरला होता. चकचकीत होडीत एक गंजकी, ओरखडलेली पट्टी! कप्तानाच्या डोळ्यांत ती खुपू लागली. त्यानं ती घासून पाहिली, डाग जाईना. “कुणीतरी पक्कड घसरवली वाटतं,” असं तो स्वतःशीच पुटपुटला. एका दुपारी तो बाजारात गेला, ज्या गाडीत मी पूर्वी होतो तिचं नाव सांगून नवी कोरी पट्टी घेऊन आला आणि जुनी फडक्यात गुंडाळून भंगाराच्या डब्यात टाकली.

मी आतून तडफडलो. पण तडफडून माझं काय चालणार? मी त्या वेळी बंद होतो.

तरीही काही दिवस ठीक गेले, कारण चेंबरात तेल जुन्याच मापाचं होतं. उलट नव्या पट्टीवर तेल खुणेच्या वर दिसतंय म्हणून कप्तान हसला. “वस्तादाचा हात सढळ आहे,” म्हणाला. मग तेल बदलायची वेळ आली. मेव्हण्याची कंबर दुखते, त्याला कशाला ताण, म्हणून कप्तानानं ते कामही स्वतःच केलं. जुनं काढलं, नवं भरलं, अगदी निगुतीनं, एक थेंब बाहेर न सांडता, आणि बरोबर नव्या पट्टीच्या खुणेशी थांबला. त्या क्षणापासून माझ्या पोटात दीड लिटर तेल कमी होतं.

शांत पाण्यात मी कसंबसं निभावत होतो. पण लाट आली आणि होडीचं नाक वर उचललं, की तेल आणखी मागे सरायचं आणि पाईप हवा चोखायचा. मला जमेल तेवढं मी ओरडलो. सुकाणूशेजारच्या फळीवर माझा तेलाचा लाल दिवा होता, तो मी पेटवायचो. लाट गेली की विझायचा, पुन्हा लाट आली की पेटायचा. कप्तान लगेच इंजिन थांबवून पट्टी बघायचा. पट्टी सांगायची, तेल पूर्ण आहे. दिवा आणि पट्टी यांत कप्तानानं पट्टीवर विश्वास ठेवला. का ठेवणार नाही? ती नवी होती. दिव्याची वायर मात्र वस्तादानं जोडलेली, म्हणजे तीच सैल झाली असणार. “सांगितलं तर उगाच मनाला लावून घेईल,” असं म्हणून त्यानं ते वस्तादाच्या कानावर घातलं नाही. महिनाभर त्यानं ती लुकलुक सोसली. मग होडीतली माणसं घाबरतात म्हणून एके दिवशी त्यानं दिवाच काढून ठेवला. माझा तेवढा एक आवाज होता, तोही गेला.

त्यानंतरच्या आठवड्यात ते घडलं. दुपारची वेळ होती. होडीत कप्तान आणि ताई दोघंच होते. वारा समोरून सुटला होता आणि लाटा उंच होत्या. होडीचं नाक वर गेलं आणि वरच राहिलं. माझ्या अंगातलं तेल संपत गेलं. माझा आतला दांडा ज्यांत फिरतो ती बेअरिंग तापली, वितळली, आतून टकटक सुरू झाली. कप्तानानं ताबडतोब मला बंद केलं, झाकण उघडलं आणि पट्टी ओढली. तेल खुणेला होतं.

“तेल आहे गं! मग हे का बडवतंय?” तो ओरडला.

त्यानं चावी फिरवली. मी सारा जीव एकवटला. मित्रांनो, खरंच एकवटला. पण माझा दांडा बेअरिंगांत चिकटून बसला होता. मी जाम झालो होतो.

वारा होडीला धक्क्याच्या दगडांवर घेऊन निघाला. वल्हं मारून भागेना, तेव्हा कप्तानानं होडी आपटू नये म्हणून पाय बाहेर काढून दगडाला लावला. लाटेनं होडी त्याच पायावर घातली. ताईंची किंकाळी मी ऐकली. त्यानंतर माझ्यात पाणी भरलं आणि मला काही ऐकू आलं नाही. पट्टी कप्तानाच्या हातातच होती, ती तेव्हाच समुद्रात गेली.

धक्क्यावरच्या माणसांनी दोघांना वाचवलं. होडी फुटली. मी तीन दिवस पाण्यात पडून राहिलो. मला काढून इथं आणलं, तेव्हा माझ्या पोटात तेल होतं की चिखल, हे ओळखू येत नव्हतं. कप्तानाचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. हे मला कळलं ते ताईंकडून. त्या इस्पितळातून तडक गॅरेजमध्ये आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, “तुझ्या हातचं होतं ना? घड्याळ लावा म्हणायचे ते. लोकांना अभिमानानं सांगायचे. काय बसवलंस रे तू आमच्या होडीत?”

वस्तादानं हातातली कानस खाली ठेवली. ताई निघून गेल्या आणि नंतर वर्षभर त्यांनी या दारात पाऊल टाकलं नाही.

वर्षभर मी असाच पडून होतो. वस्ताद मला टाकतही नव्हता आणि उघडतही नव्हता. येताजाता नजर चुकवायचा. गेल्या महिन्यात त्यानं अखेर मला उघडलं. वितळलेली बेअरिंग पाहिली. तेल मिळालं नाही, हे त्याला एका नजरेत कळलं. मग त्यानं तो जोडलेला पाईप बाहेर काढला आणि उजेडात धरला. वेल्डिंगच्या कडेला टाचणीएवढं भोक होतं. मित्रांनो, ते भोक त्या दिवशी नव्हतं! ते समुद्राच्या मिठानं नंतर पाडलं, वर्षभर मी गंजत पडलो होतो तेव्हा. पण वस्ताद ते भोक बघत राहिला आणि जमिनीवर बसला. संध्याकाळपर्यंत उठला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं कप्तानाला बोलावून घेतलं. कप्तान कुबडी टेकत आला. बरोबर ताईही होत्या. वस्तादानं पाईप त्याच्या हातात दिला. “भावोजी, एकच विचारतो. त्या दिवशी तेल होतं?”

“होतं. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. पूर्ण होतं.” कप्तानानं पाईप खाली ठेवला. “आणखी एक सांगतो. दिवा महिनाभर लुकलुकत होता. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही.”

“म्हणजे पाईप हवा ओढत होता. तेल असून ओढत होता,” वस्ताद म्हणाला. “माझा टाका कच्चा निघाला, भावोजी. तुमचा पाय माझ्यामुळे गेला.”

मी वाट बघत होतो. कप्तान पट्टीचं आता म्हणेल, मग म्हणेल. आणि तो बोललाही. “मी कसलीच हयगय केली नाही रे. रोज पुसत होतो. तेल वेळेवर बदललं. जे जे जुनं दिसलं, ते नवं आणून घातलं.”

विचार, वस्ताद! काय नवं घातलं, एवढं एकदा विचार! मी त्याच्या पायाशी तुकडे होऊन पडलो होतो आणि जन्मात कधी मागितलं नव्हतं ते मागत होतो. पण वस्तादाच्या डोळ्यांसमोर ते भोक होतं. तो म्हणाला, “ठाऊक आहे, भावोजी. तुमच्यासारखं कुणी सांभाळलं नसतं.”

मग कप्तानानं कुबडी भिंतीला टेकवली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “जाऊ दे. माणूस आहेस, चुकलास. मी माफ केलं तुला.” ताई पदर तोंडाला लावून रडत होत्या. त्यांनीही भावाला जवळ घेतलं. कप्तान मनापासून बोलत होता. इतका मोठा मनाचा माणूस मी पाहिला नाही. आणि वस्ताद, ज्याच्या हातानं काही चुकवलं नव्हतं, तो खाली वाकून त्याच्या उरलेल्या एका पायाला हात लावत होता.

ती दोघं गेल्यावर वस्तादानं वेल्डिंगचं मशीन विकायला काढलं. आता तो फक्त चाकांची पंक्चरं काढतो. परवा एक जुनं गिऱ्हाईक पंप दुरुस्तीला घेऊन आलं, तर वस्ताद म्हणाला, “माझ्याकडे नको. माझ्या हाताचा भरवसा नाही.” आणि पंप त्यानं तसाच परत केला.

मित्रांनो, बेफिकीर माणसांनी बिघडवलेली यंत्रं तुम्ही खूप पाहाल. मला कुणी बेफिकिरीनं मारलं नाही. एकानं माझ्यासाठी जे केलं ते सांगितलं नाही, दुसऱ्यानं जे बदललं ते विचारलं नाही, आणि दोघांनीही एकमेकांना त्रास नको म्हणून तोंड मिटून घेतलं. तुम्ही कुणासाठी काही तयार केलंत, तर त्याला ते नीट समजावून सांगा, दोनदा सांगा, कंटाळा येईपर्यंत सांगा. आणि दुसऱ्याच्या हातचं काही बदलायचं झालं, तर आधी त्या हाताला विचारा. एवढं माझ्याखातर करा.

उद्या सकाळी भंगाराचा ट्रक येईल आणि मला भट्टीत घेऊन जाईल. वितळायचं मला दुःख नाही, लोखंडाचं तेच व्हायचं असतं. पण वस्तादाचा टाका कच्चा नव्हता, हे जगात फक्त मला ठाऊक आहे.